नदी दीड किलोमीटर लांब आहे, ठीक, पण प्लॉटचा आकडा किती?

पत्र असं आलंय, थोडं छाटून देतेय:

"ताई, मी पुण्यात नोकरीला, आईबाबा कोल्हापुरात भाड्याच्या घरात. बाबा रिटायर झाले, त्यांना स्वतःचं घर पायजे. कसबा बावड्याकडं जाताना आतल्या बाजूला दोन गुंठ्याचा प्लॉट बघितलाय. एनए झालेला, सातबारा क्लिअर, नदी दीड किलोमीटर लांब. एजंट म्हणतो २०१९ ला पाणी रस्त्यापर्यंत आलेलं पण प्लॉटवर नाही. शेजारचे एक काका पण म्हणाले, छे छे, इथं पाणी येत नाही. तरी आईच्या मनात धाकधूक आहे. एजंटनं ५१ हजार टोकन मागितलंय, रविवारपर्यंत. हा प्लॉट पूररेषेत येतो का हे नक्की कसं कळणार? तुमचा लहान भाऊ समजून सांगा."

लहान भाऊ म्हणालास म्हणून अरेतुरे करते. पहिली गोष्ट, रविवार विसर. दोन गुंठ्याला गिऱ्हाइकांची रांग लागलीय असं प्रत्येक एजंट सांगतो, आणि ज्या प्लॉटला खरंच रांग असते त्याचा एजंट तुला फोन करून करून बोलवत नाही. आणि आईची धाकधूक आहे ना, ती मी एनएच्या ऑर्डरपेक्षा जास्त धरते, कारण २०१९ चा ऑगस्ट तिनं कोल्हापुरात काढलाय, तू पुण्यात बसून व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ बघत होतास.

आता नदी दीड किलोमीटर लांब आहे हे. अरे, पाणी अंतर बघत नाही, उंची बघतं. व्हीनस कॉर्नरला उभं राहून पंचगंगा दिसते का कुठं? शाहूपुरीत कुंभार गल्लीत? तरी तिथं पाणी येतं, कारण नदी चढली की जयंती नाल्यातलं पाणी पुढं जायला वाट राहत नाही, उलट नदीचंच पाणी नाल्यातनं मागं फुगत येतं आणि नाला जिथं जिथं जातो तिथं तिथं नदी घरपोच. म्हणून नदी किती लांब हे विचारायचंच नाही. जवळचा नाला, ओढा, गेलाबाजार मोठं गटार कुठं आहे आणि ते शेवटी कुठं जाऊन पडतं हे विचार. प्लॉटवर जाशील तेव्हा रस्त्याच्या कडेनं चालत चालत उताराकडं जा, पाच-दहा मिनिटांत तुला कळेल पाणी कुणीकडनं येणार ते. सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग ब लिहिलंय का बघ, रस्ते आणि पाण्याचे प्रवाह त्यात दाखवतात, असला तर त्या गटात नाला आहे का हे नकाशावर शोधायचं. बाकी सातबारा क्लिअर म्हणजे मालकी क्लिअर, बोजा नाही, एवढंच. पूररेषा सातबाऱ्यावर नसते. एनए म्हणजे पण पाणी येत नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, शेतजमिनीची बिगरशेती झाली इतकंच ते.

कागदाचं आधी सांगते म्हणजे ते एकदा मिटेल, मग मला ज्या गोष्टीवर बोलायचंय तिकडं येते.

पूररेषा दोन असतात, निळी आणि लाल, आखतो जलसंपदा विभाग, आपल्याकडं लोक अजून इरिगेशनच म्हणतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतनं एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंत नवीन घर बांधायचं नाही, बाग, पार्किंग, उघडा भाजी बाजार असलं चालतं. निळी आणि लाल याच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर कमीत कमी ४५ सेंटिमीटर पायजे, २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आहे हे. म्हणजे समज लाल रेषेची पातळी तुझ्या प्लॉटच्या जमिनीपासून सहा फूट वर निघाली, तर जोतंच साडेसात फुटांवर जातंय, बाबांचे गुडघे आणि ते जिने याचा विचार आत्ताच कर, आणि त्या जोत्याच्या खर्चाचा पण.

हे कळायला महापालिकेच्या नगररचना विभागात त्या गट नंबरचा नाहीतर सिटी सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागायचा. अर्जात स्वच्छ लिही, "सदर मिळकत निळ्या वा लाल पूररेषेने बाधित आहे किंवा कसे, याचा उल्लेख करावा". नाहीतर नुसतं "रहिवास विभाग" लिहून कागद हातात ठेवतात आणि आपण खुश होऊन घरी येतो. प्लॉट शहराच्या हद्दीबाहेर निघाला, होतं असं, एजंटची हद्द आणि महापालिकेची हद्द वेगळी असते, तर मग शहराभोवतीच्या ४२ गावांचं जे विकास प्राधिकरण आहे तिकडं. पूररेषेचा मूळ नकाशा आणि लाल रेषेची मीटरमधली पातळी मात्र पाटबंधारेकडं, म्हणजे त्याच जलसंपदा विभागाकडं. तोंडी विचारल्यावर "साहेब साईटवर गेलेत" झालं तर माहिती अधिकारात टाक, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. त्यात एक प्रश्न न विसरता घाल, ही रेषा कुठल्या साली आखली आणि कुठल्या पुरापर्यंतचे आकडे धरून. रेषा २०१९ च्या आधीची असेल तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नको, त्यानंतर नदीनं स्वतःच नवीन रेघ मारून दाखवलीय.

आणि ते १०० वर्षांतनं एकदा म्हणजे, एकदा येऊन गेलं, आता ९९ वर्षं निवांत, असं नाही. दरवर्षी शंभरात एक, फासा दरवर्षी नवा. वीस वर्षांचं होमलोन धरलंस तर त्या वीस वर्षांत लाल रेषेएवढं पाणी एकदा तरी यायची शक्यता १८ टक्के निघते, आणि निळ्या रेषेएवढं यायची ५६ टक्के. म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त! हप्ता फिटायच्या आत. बँकेच्या माणसाला हे विचारून बघ, तो विषय बदलेल.

झालं कागदाचं.

आता मुख्य. तू आणि एजंट आणि ते शेजारचे काका सगळे "पाणी येतं का नाही" यावर बोलताय, तो प्रश्नच चुकलाय. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं एकमेकांना काय विचारतात? "राजाराम किती?" बरोबर? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे पोरंसोरं पण सांगतात. आणि प्रत्येक गल्लीचा आपला एक आकडा असतो. सुतारवाड्यातल्या माणसाला विचार, किती फुटाला बोचकी बांधायची ते त्याला झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेल. चिखली-आंबेवाडीचा वेगळा आकडा, शिरोलीजवळ हायवे बंद व्हायचा वेगळा. तर तुला तुझ्या प्लॉटचा आकडा काढायचाय. दोन आकडे खरं तर, एक प्लॉटपर्यंत जाणारा रस्ता बुडायचा आणि एक प्लॉट बुडायचा. २०१९ ला राजाराम ५५ फूट ७ इंचापर्यंत गेला. एजंट म्हणतो त्या वेळी रस्त्यापर्यंत आलं. बरं मान्य, पण मग रस्ता पहिल्यांदा कितीला बुडला? ५५ ला का ४७ ला? ५५ ला असेल तर तुझं नशीब बरं आहे. ४७ ला असेल तर आठ फूट पाणी चढत असताना ते रस्त्यावरच कसं थांबलं, हे एजंटलाच विचार. तोंड बघ त्याचं.

आकडा काढायचा कसा तर लोकांकडनं, पण सरळ विचारून नाही. पाणी येतं का म्हटलं की कुणीही नाहीच म्हणणार. त्यांना पण कधीतरी घर विकायचंय, पोरांची लग्नं जमवायचीयत. तू असं विचार, "काका, २०१९ ला सानुग्रह अनुदान मिळालं का ओ तुमच्या गल्लीला?" बस. मग बघ कसे सुरू होतात, आमचं नाव यादीत घातलंच नाही, त्या कोपऱ्यावरच्याला मिळालं त्याच्या तर उंबऱ्याला पण लागलं नव्हतं, आमच्या इथं दोन फूट होतं तरी पंचनाम्याला कोण आलं नाही. झालं की! मिळालं नाही म्हणून भांडताना माणूस पाण्याची उंची इंचात सांगतो. पुढचा प्रश्न, तुम्ही घर कधी सोडलं, कुठल्या वारी, तेव्हा राजाराम किती होता. वार लक्षात असतो लोकांच्या. त्या दिवसांची पातळी जिल्हा प्रशासन रोजच्या रोज देत होतं, जुन्या पेपरात सापडते.

आणि बायकांना विचार, पुरुष पाणी कमी सांगतात. मी हे गमतीनं लिहीत नाहीये, घर धुवायला कोण लागतं? गाळ कुठल्या फडताळापर्यंत होता हे तिलाच माहीत.

लोकांनी नाही सांगितलं तर भिंती सांगतात. वर्षानुवर्षं रंग मारला तरी पुराची रेघ कुठंतरी राहतेच, जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं, संडासच्या मागच्या बाजूला जिथं कोण रंगवायला जात नाही तिथं. शटर बघ, खालनं ठरावीक उंचीपर्यंतच गंजलेलं असतं. लाईटची मीटरं डोक्याच्या वर चढवलेली दिसली, खालच्या खोलीत प्लगचे बोर्ड छातीएवढ्या उंचीवर दिसले, हॉलमधे चार-चार फूट टाईल मारलेली दिसली, तर त्या माणसानं हौसेनं केलेलं नसतं ते. आणि प्लॉट रस्त्यापेक्षा उंच दिसतोय म्हणून हुरळू नको, पायानं जरा उकरून बघ, मुरूम आहे का मूळची काळी माती. मुरूम असेल तर भराव टाकलाय, आणि भराव का टाकावा लागला ते ओळख. त्या भरावानं आपल्या वाटचं पाणी शेजारी ढकलायचं हा धंदा मला तर बिलकुल पटत नाही, पण ते असो.

माझ्या मामाचं सांगते. त्यानं २००७ ला घर घेतलं, सगळं विचारून-बिचारून घेतलं, २००५ चं पाणी कंपाउंडच्या बाहेर थांबलेलं, शेजाऱ्यांनी दाखवलं पण कुठंपर्यंत ते, खोटं नव्हतं काही. मामानं वर तीन फूट जोतं केलं, म्हणाला आता काय येतंय. २०१९ ला खिडकीच्या गजांना पाणी. चूक काय झाली तर त्यानं "आलं का" विचारलं, नाही म्हणाले, पण किती इंचानं वाचलं हे मोजलंच नाही. २००५ ला कंपाउंडला पाणी टेकलं होतं म्हणजे त्याचा आकडा फक्त एक इंच वर होता, आणि पुढच्या पुरानं काही फूट जास्त आणले. गहू, तांदूळ, आजीची शिलाई मशीन, सगळं गेलं, मशीन नंतर तेल घालून घालून चालू केली पण ती टाका सोडायची.

तर मोजायचं. यासाठी इंजिनिअर नंतर बोलव, आधी गवंड्याची नळी आण. पारदर्शक प्लॅस्टिकची, पाऊण बोटाएवढी जाड, पंचवीस मीटर, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पाणी भरायचं, बुडबुडे सगळे काढायचे, एक जरी मधे अडकला तरी लेव्हल खोटी येते, म्हणून नळी आधी जमिनीवर सरळ अंथरून बोटानं टिचक्या मारत यायचं. मग दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायची, पाणी एकाच उंचीला दिसलं की नळी बरोबर. आता ज्या घराच्या भिंतीवर २०१९ ची रेघ नक्की आहे, घरमालक शपथेवर सांगतोय, तिथं एक टोक असं धरायचं की पाणी बरोबर रेघेला येईल. दुसरं टोक प्लॉटच्या दिशेनं विजेच्या खांबावर, तिथं पाणी जिथं थांबेल तिथं खडूनं खूण. मग त्या खुणेवरनं पुढच्या खांबावर. असं करत करत प्लॉटच्या गेटपर्यंत. चार-पाच टप्प्यांत एखाद इंच इकडं तिकडं होईल, होऊ दे. गेटच्या खांबावर शेवटची खूण झाली की टेप लाव जमिनीपासून. साडेतीन फूट आली तर २०१९ ला तुझ्या प्लॉटवर साडेतीन फूट पाणी उभं होतं, एजंट काय का म्हणेना. खूण जमिनीच्या खाली गेली, म्हणजे नळीचं टोक जमिनीला टेकवलं तरी पाणी वर सांडलं नाही, आतच खाली बसलं, तर प्लॉट खरंच वर आहे.

रेघ मात्र जवळच्याच घराची घे, शंभर-दीडशे मीटरमधली. बंधाऱ्यावरचा आकडा आणि तुझ्या गल्लीतलं पाणी हे सरळ फुटात जुळत नाही, नदीचं पाणी काय ताटात ओतल्यासारखं सपाट नसतं, वरच्या अंगाला थोडं चढच असतं. म्हणून राजारामचा आकडा फक्त "कधी" सांगायला, आणि रेघ "किती" सांगायला.

मोबाईलवर उंची दाखवणारी अॅप आहेत ती वापरू नको, त्यात दोन-चार मीटरची चूक सहज असते आणि आपला जीव दोन फुटांत अडकलाय. सॅटेलाईटचे पुराचे फोटो मिळतात फुकट, ढगातनं दिसणारे रडारचे, त्यावर शेतं बुडालेली छान दिसतात पण दाट घरांच्या मधलं पाणी त्याला नीट कळत नाही, त्यामुळं तुझा प्लॉट त्यात कोरडा दिसला तरी काही ठरत नाही. नळीनं आकडा बरा आला आणि घ्यायचंच ठरलं तर मग सर्व्हेअर लावून समुद्रसपाटीपासूनची पातळी काढून घे, पाटबंधारेच्या लाल रेषेशी जुळवायला ती लागणारच, प्लॅन पास करताना.

आता समज प्लॉट कोरडा निघाला पण रस्ता ४५-४६ ला बुडतो. ४६ च्या वर नदी २०१९ ला गेली, २०२१ ला गेली, २०२४ ला गेली. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी आईबाबा बेटावर. घरात पाणी नाही, पण दूध नाही, लाईट नाही, बाबांच्या गोळ्या संपल्या तर मेडिकलला जायला होडी. २०१९ ला शहराचं पाणी पण बंद झालं, उपसा केंद्रं बुडाली म्हणून, सगळीकडं पाणी आणि नळाला थेंब नाही, आठवतंय ना? आईला विचार. सत्तरीतल्या माणसांसाठी मी असा प्लॉट घेणार नाही. तू तरुण असतास, एकटा राहणार असतास तर म्हटलं असतं घे, वरचा मजला बांध, स्वस्त मिळतोय.

घेतलासच तर विमा तरी काढ. भारत गृह रक्षा म्हणून स्टँडर्ड पॉलिसी आहे, २०२१ पासून, बऱ्याच कंपन्या देतात, पूर त्यात धरलेला आहे, हप्ता घराच्या मानानं किरकोळ असतो. भिंतींचा तर असतोच, शिवाय घरातल्या सामानाला पण विम्याच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतं. मामाकडं नव्हता.

टोकनचं एजंटला असं सांग, झोन दाखला आणि पूररेषेचा उल्लेख असलेला कागद आला की त्याच दिवशी टोकन, आणि मूळ मालकाकडनं साठेखतात लिहून पायजे की मिळकत निळ्या पूररेषेत नाही, निघाली तर सगळे पैसे परत. खरा माल असेल तर थांबेल तो. नसेल तर सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी तोच प्लॉट दाखवत असेल.

या शनिवारी सकाळच्या गाडीनं ये. नळी धरायला दोघं लागतात, एक टोक बाबांना दे, आणि आईला सोबत घेऊन जा, अनुदानाचा प्रश्न तिनंच विचारू दे.